हाची, ७०७ नंबरची खोली आणि आधी कोण बोललं

सुरुवातीलाच सांगून टाकते, खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे, ज्यांना 'नाना' ही जपानी अॅनिमेटेड मालिका अजून बघायचीये त्यांनी ४७ भाग संपवून मग या, मी कुठं जात नाही. आणि नावावरून हसू येत असेल तर येऊ दे, मलापण आलं होतं. आपल्याकडं नाना म्हणजे टोपी, अडकित्ता आणि दुपारी दोन ते चार कुणी बेल वाजवायची नाही. जपानीत नाना म्हणजे सात, आणि मुलीचं नावही असतं. त्यात लेखिकेचं नाव आई याझावा, म्हणजे वाचताना आपल्याला दोनदा थांबावंच लागतं. तिची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००० पासून 'कुकी' मासिकात यायची, २००९ ला ती आजारी पडली आणि गोष्ट २१ खंडांवर थांबली ती थांबलीच. त्यावरून केलेला अॅनिमे, म्हणजे ही मालिका, मॅडहाउस स्टुडिओचा, दिग्दर्शक मोरिओ आसाका, एप्रिल २००६ ते मार्च २००७.

मी पहिल्यांदा बघितली तेव्हा एकवीस वर्षांची होते, पुण्यात दोघी मैत्रिणी एका खोलीत राहायचो, एकच लॅपटॉप, एकच चार्जर. आता तिशी ओलांडून परत बघितली. मधल्या काळात माझं मत एवढं फिरलं की म्हटलं त्यातलं गरोदरपणाचं एक प्रकरण नीट सोडवून बघूच, म्हणजे कोण कुठं उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं आणि नेमकं कुठं निसटलं.

आधी माणसं. नाना कोमात्सु, वीस वर्षांची, गावाकडच्या खात्यापित्या घरातली, तीन बहिणींतली मधली. बॉयफ्रेंडच्या मागं टोकियोला निघालेली. नाना ओसाकी, तीही वीसची, पंक रॉक गाणारी, हातात गिटार आणि डोक्यात एकच गोष्ट, की गाऊन नाव काढायचं. बर्फामुळं अडकलेल्या ट्रेनमध्ये दोघी शेजारी बसतात, आणि नंतर योगायोगाने एकच खोली बघायला येतात. ७०७ नंबर, सातवा मजला, लिफ्ट नाही, भाडं ७० हजार येन. निम्मं निम्मं. ओसाकी कोमात्सुला हाची म्हणायला लागते, मालकाची वाट बघत स्टेशनावर बसणाऱ्या त्या प्रसिद्ध कुत्र्यावरून, आणि हाची म्हणजे आठपण होतं, सातच्या पुढचं. लाडाचं नाव आहे पण त्यात कुत्रं आहे, हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे.

हाचीला सतत कुणीतरी लागतं. हा तिचा स्वभाव, ती लपवतही नाही. बॉयफ्रेंड शोजी दुसरीच्या प्रेमात पडतो, ते मोडतं. नोकरी एक धड टिकत नाही. मग ताकुमी येतो, ट्रॅपनेस्ट या मोठ्या बँडचा बेसिस्ट आणि लीडर, हाचीच्या भिंतीवरचा हिरो तोच. नाना ओसाकीचा प्रियकर रेन त्याच बँडमध्ये गिटार वाजवतो, म्हणजे ताकुमी हाचीपर्यंत पोचतो तो नाना-रेनच्याच ओळखीतून. ताकुमी येतो, राहतो, निघून जातो, फोन करेल तर करेल. हाचीला कळतं की आपण त्याच्या वेळापत्रकात कुठंतरी कोपऱ्यात आहोत. त्याच काळात नोबू, म्हणजे नानाच्या ब्लास्ट बँडचा गिटारिस्ट, साधा, हसरा, घरचा रयोकान (पारंपरिक जपानी सराय) चालवायचा सोडून बँडसाठी टोकियोला आलेला, तिच्यावर जीव टाकतो. हाची ताकुमीला सोडून नोबूची होते. आणि ते दिवस खरंच गोड आहेत, दोघांकडं पैसे नाहीत, बँडचं रेकॉर्डिंगचं नुकतं कुठं जमतंय, पण हाची पहिल्यांदा कुणाची वाट न बघता आनंदात दिसते.

आणि मग पाळी चुकते, उलट्या सुरू होतात.

तिसाच्या आसपासचे भाग सलग बघितले की कळतं हे किती जवळजवळ घडतं. दिवस राहिलेत हे कळतं तेव्हा बाळ कुणाचं हे तिला खात्रीनं सांगता येत नाही, ताकुमीचं असू शकतं, नोबूचं असू शकतं. बरं ही काही फसवणुकीची गोष्ट नाही, एक संपून दुसरं सुरू झालं आणि मधलं अंतर कमी पडलं एवढंच, पण हे वाक्य तोंडातून काढायचं कुणासमोर? नोबूसमोर काढलं तर तो मोडणार. नानासमोर काढलं तर ती तुच्छ समजेल अशी हाचीला भीती. आपल्याकडं लोक म्हणतात पोरगी दोघांच्या मध्ये अडकली. मी परत बघितलं तेव्हा मला ती तिघांच्या मध्ये अडकलेली दिसली, आणि तिसरी सगळ्यात जड होती.

या जागी ताकुमी दारात येतो. हाची आजारी, घरात एकटी, आणि हा माणूस तिच्या तोंडून ऐकतो की ती गरोदर आहे आणि बाप कोण हे तिला माहीत नाही. तो ओरडत नाही, निघून जात नाही. सरळ सांगतो की तू जन्म देणार असशील तर मी माझं म्हणून मान्य करतो. संपलं. एका बैठकीत.

इथं जपानचा कायदा थोडा सांगायला लागेल, नाहीतर ताकुमीच्या बोलण्याचं वजन कळत नाही. लग्नाबाहेरच्या मुलाला बाप कागदावर आपलं म्हणतो त्याला निन्ची म्हणतात, आणि आईची संमती असेल तर बाळ पोटात असतानासुद्धा ते करता येतं. बाप आपणहून करत असेल तर आधी तपासण्या करून सिद्ध कर असं कुणी म्हणत नाही. कुटुंबाची सगळी नोंद कोसेकी नावाच्या एका दस्तात असते, त्यात बापाच्या रकान्यात कोरं राहिलं की ते आयुष्यभर दिसतं. तिथं लग्नाबाहेर जन्मणारी मुलं शंभरात दोनेक. म्हणजे पोरी लग्नाआधी गरोदर राहत नाहीत असं मुळीच नाही, राहतात, आणि मग घाईघाईनं लग्न उरकतात, त्याला शब्दच आहे देकिचात्ता केक्कोन, 'राहिलं म्हणून लग्न'. २००० च्या आसपास लग्न झालेल्या जोडप्यांच्या पहिल्या बाळांपैकी साधारण चौथा हिस्सा असाच होता. गर्भपात? कायद्यानं होतो, २२ आठवड्यांच्या आत, १९४८ पासून वाट खुली आहे. पण कायद्यात नवऱ्याच्या संमतीची अट आहे, आणि लग्न न झालेल्या बाईकडंही कित्येक दवाखाने जोडीदाराची सही मागतात. आता हाचीनं कुणाची सही आणायची होती सांगा. कमी डोसची गर्भनिरोधक गोळी तर जपानात कित्येक वर्षं रखडून १९९९ ला मंजूर झाली, आणि त्याच वर्षी पुरुषांची व्हायग्रा सहा महिन्यांच्या आत मंजूर होऊन आली, याच्यावर तिथल्या बायका केवढ्या भडकल्या होत्या.

म्हणजे ताकुमी जे बोलला त्यात प्रेमाचा एक शब्द नव्हता, पण वीस वर्षांच्या, पगार नसलेल्या, सात मजले चढताना उमासे येणाऱ्या मुलीला त्या क्षणी जे हवं होतं ते सगळं होतं. नाव, पैसे, छप्पर. नोबूकडं यातलं एकही नव्हतं, त्याच्याकडं फक्त तो होता.

नोबूचं काय चुकलं यावर आम्ही दोघी मैत्रिणी तेव्हा रात्री तीनपर्यंत भांडलो होतो. ती म्हणायची, साला गप्प का बसला, एक वाक्य बोलायचं होतं, "कुणाचं का असेना, मी सांभाळतो." मी त्याची बाजू घ्यायचे, अगं त्याला श्वास तरी घेऊ दे. आणि मुद्दा तोच आहे, त्याला श्वास घ्यायला मिळालाच नाही. त्याला विचार करायला वेळ मिळायच्या आत ताकुमीनं उत्तर देऊन टाकलेलं होतं. मग नोबूनं काहीही म्हटलं असतं तरी ते दुसरं उत्तर ठरलं असतं, आणि दुसऱ्या उत्तराला आधी पहिलं पाडावं लागतं. तो दुखावलेला होता, त्याला वाटलं आपल्याला फसवलं, आणि दुखावलेला माणूस दोन दिवस गप्प बसतो हे नॉर्मल आहे. पण गरोदर बाईला ते दोन दिवस मोजून मिळत नाहीत.

आणखी एक, जे तेव्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. नोबूकडं खरं तर एक रस्ता होता. घरचा रयोकान, आईबाप वाट बघत बसलेले, परत जाऊन बसला असता तर बाळही सांभाळलं गेलं असतं आणि बायकोही. पण मग ब्लास्टला गिटारिस्ट राहिला नसता, आणि ब्लास्ट म्हणजे नानाचं आख्खं आयुष्य. म्हणजे नोबूनं हाचीला निवडायचं तर नानाला बुडवायचं. हा हिशोब कुणी मोठ्यानं करत नाही पण तो टेबलावर पडलेला आहे, सगळ्यांना दिसतोय.

आता नाना. माझ्या मते हे प्रकरण तिचं आहे, बाळंतपण हाचीचं असलं तरी.

नाना चार वर्षांची असताना आई तिला आजीकडं टाकून गेली. आजी कडक. पुढं रेन भेटला तर तोही ट्रॅपनेस्टमध्ये वाजवायला तिला गावात ठेवून टोकियोला गेला. म्हणजे माणसं जातात हे तिला पाठ आहे. हाची ही पहिली अशी की जी घरी असते, दार उघडते, 'आलीस?' म्हणते. नानाला ते हवंहवंसं होतं पण त्याला काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं त्याला कुत्र्याचं नाव दिलं. स्वतःच्या मालकीपणाची तिला नंतर नंतर जाणीव होते, आणि लाजही वाटते. हाची आणि नोबू जमावं असं तिला मनापासून वाटत होतं, कारण नोबू म्हणजे आपलाच माणूस, आपल्याच बँडमधला, मग हाची कुठं जाणार? इथंच राहणार. या इच्छेत हाचीचं भलं किती आणि नानाची सोय किती हे वेगळं काढता येत नाही, आणि लेखिकेनं ते वेगळं काढायचा प्रयत्नही केलेला नाही, म्हणून मला ती ग्रेट वाटते.

दोघींकडं स्ट्रॉबेरीचं चित्र असलेले दोन ग्लास आहेत. हाचीनं आणलेले, स्वस्तातले, जोडीचे. नव्या घराच्या पहिल्या खरेदीत असतात तसे, उगाच. सगळ्या मालिकेत ते टेबलावर दिसत राहतात, कधी दूध, कधी बिअर. पहिल्यांदा बघताना आपण त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही. आणि ही बातमी त्या घरात फुटते तेव्हा एक ग्लास फुटतो. एका भागाचं नावच त्या फुटलेल्या ग्लासवरून आहे. तुम्ही म्हणाल काय हे, फिल्मी, बातमी ऐकून हातातून ताट पडणं तर आपल्या सीरियलमध्ये आठवड्यातून तीनदा होतं. खरंय. पण आपल्याकडं ताट पडतं आणि कॅमेरा सुनेच्या, सासूच्या, मोलकरणीच्या तोंडावर तीन तीनदा जातो. इथं जोडीतला एक गेला एवढंच राहतं, आणि एकट्या ग्लासचं करायचं काय हा प्रश्न आपल्याच डोक्यात येतो, कुणी सांगत नाही.

त्यानंतर नाना हाचीला धड शिव्याही देत नाही आणि जवळही घेत नाही. तिला 'थांब' म्हणायचंय, पण कशाच्या जोरावर? ती मूल सांभाळू शकत नाही, तिला स्वतःलाच मूल नकोय, रेनला हवं असलं तरी. 'जा' म्हणावं तर जीव जातो. मग ती मूग गिळून बसते, आणि हाचीला ती शांतता तिरस्कारासारखी ऐकू येते. दोघीही एकमेकींना नको असू अशा समजुतीत, दोघींचीही समजूत चुकीची, आणि मध्ये बोलायला कुणी नाही. त्यातच ब्लास्टच्या डेब्यूची गडबड, नाना-रेनचं प्रकरण एका मासिकानं छापलेलं, घराखाली कॅमेरे. म्हणजे ज्या आठवड्यांत बसून बोलायचं होतं त्याच आठवड्यांत नानाला जगासमोर उभं राहायचं होतं. हाची ७०७ सोडून ताकुमीच्या घरी जाते, आणि नीट निरोपही होत नाही. नानाला पुढं श्वास कोंडण्याचे झटके येतात. ब्रेकअप नोबूचा झाला असं सगळे म्हणतात, आणि अंथरुणाला खिळल्यासारखी नाना होते.

एक छोटी नोंद शिनची. ब्लास्टचा बेसिस्ट, पंधरा वर्षांचं पोरगं, मोठ्यांसारखं वागणारं. त्याची आई लग्नाबाहेरच्या संबंधातून त्याला जन्म देऊन बसली आणि नंतर तिनं जीव दिला. म्हणजे 'बाप कोण' हा प्रश्न या खोलीत फक्त हाचीच्या पोटात नव्हता, त्याचं उत्तर न मिळालेलं एक पोर तिथंच सिगारेट ओढत बसलं होतं. बाकीचे हाचीकडं बघून काय काय विचार करत असतील, पण शिनकडं बघून निन्चीचा तो कागद एकदम कागद वाटेनासा होतो.

ताकुमीबद्दल माझं मत सगळ्यात जास्त फिरलं. एकविसाव्या वर्षी मला तो सापासारखा वाटायचा. आता? अजूनही मैत्रिणीनं असा नवरा आणला तर मी रडेन. तो बाईला विचारत नाही, कळवतो. बाहेर त्याचं काय चालतं हे हाचीला माहीत असतं. तो जिंकायला खेळतो, आणि नोबू समोर असल्यामुळं त्याचा वेग वाढला हे उघड आहे. पण त्या दुपारी त्याच्यासमोर एक घाबरलेली मुलगी होती आणि त्यानं तिला 'कुणाचं?' या प्रश्नापासून सोडवलं. बाकी सगळे तिच्यावर प्रेम करणारे होते आणि त्यातल्या एकालाही ते जमलं नाही. हे मला गिळायला अजून जड जातं. इंटरनेटवर 'टीम नोबू, टीम ताकुमी' चालतं ना, त्यात मला आता रस उरला नाही, कारण दोघांपैकी कोण चांगला हे ठरवलं तरी हाचीच्या हातात त्या दिवशी काय होतं ते बदलत नाही.

आणि हाची? तिला 'बिचारी' म्हणायचं नाही असं मी ठरवलंय. मूल ठेवायचं हा निर्णय तिचा आहे, त्याबाबतीत ती डगमगत नाही. तिची चूक दुसरी. तिनं खरं सांगायला उशीर केला, प्रत्येकाला. नोबूला वेळेवर सांगितलं असतं तर त्याला ते दोन दिवस मिळाले असते. नानाला आधी सांगितलं असतं, ताकुमी यायच्या आधी, दोघीच असताना, रात्री, तर काय झालं असतं माहीत नाही, पण ग्लास बहुतेक वाचला असता. ती कुणी हात धरेल म्हणून थांबली, आणि जो आधी आला त्यानं धरला. याची जाणीव तिला आहे, कारण मालिका बरीचशी तिच्याच आवाजात सांगितलेली आहे, कित्येक वर्षांनंतरच्या हाचीच्या आवाजात, आणि ती हाक मारते ती नवऱ्याला नाही, नोबूलाही नाही. "ने, नाना." अगं नाना. प्रत्येक वेळी तीच.

पुढच्या काळाचे जे तुकडे दाखवलेत त्यात हाचीला मुलगी आहे, सात्सुकी. ७०७ नंबरची खोली तशीच आहे. जुनी मंडळी तिथं जमतात, फटाके बघतात, पोरगी मध्ये बागडते. नोबू आहे. नाना नाही.

परवा मी त्या जुन्या रूममेटला फोन केला. तिला सहा महिन्यांचं बाळ आहे, स्पीकरवर ठेवून ती त्याची ढेकर काढत होती, मागून थप थप आवाज. म्हटलं, मी आता नोबूच्या बाजूनं नाही, तुझंच बरोबर होतं, त्यानं बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "नोबू गेला खड्ड्यात. मला सांग, तो ग्लास फुटल्यावर काचा कुणी गोळा केल्या? ती बिचारी वाकून उलट्या करतेय आणि खाली काचा." मला आठवेना. चाळीस वेळा त्या ग्लासवर बोललोय आम्ही, काचा कुणी भरल्या ते एकदाही बघितलं नव्हतं. बाळानं ढेकर दिली, तिनं फोन ठेवला, आणि मी तो भाग परत लावून बसले.